उसन्या शब्दांची सोयरीक

मराठींत शिरलेल्या इंग्रजी शब्दांविषयीं आजवर जें वादंग झालें तें बहुतेक कचेरी, शाळा, शास्त्र आणि वर्तमानपत्र या चार ठिकाणच्या शब्दांपुरतें झालें. स्टेशनास काय म्हणावें, तिकिटास प्रतिशब्द कोणता, यांवर पुष्कळ शाई खर्ची पडली. या शब्दांची आम्हांस फारशी चिंता वाटत नाहीं. १८६७ सालीं मुंबईकडून आलेला लोहमार्ग नागपुरास जाऊन भिडला, आणि त्या वाटेवरील मलकापुरासारख्या कापसाच्या पेठांत गार्ड, सिग्नल, पार्सल हे शब्द गांठोड्यांबरोबर उतरले. ते फलाटावर उतरले आणि फलाटावरच्या वस्तूंचीं नांवें म्हणून तेथेंच राहिले. त्यांनीं घरांतल्या कोणाचें नांव बदललें नाहीं. परंतु गेल्या दोन पिढ्यांत इंग्रजी शब्दांची एक निराळी तुकडी फलाट सोडून, ओसरी ओलांडून, थेट माजघरांत शिरली आहे. हे शब्द वस्तूंचे नाहींत, माणसामाणसांतील संबंधांचे आहेत. ‘अंकल’, ‘आंटी’, ‘कझिन’, ‘इन-लॉज’, ‘फ्रेंड’, ‘बेस्ट फ्रेंड’, ‘रिलेशनशिप’, ‘ब्रेकअप’ हे ते शब्द होत. त्यांच्याकडे टीकाकारांनीं द्यावें तितकें लक्ष दिलेलें नाहीं.

आम्ही मलकापूर हें गांव डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहों, यास कारण आहे. वऱ्हाड जेथें संपतें आणि खानदेश जेथें सुरू होतो त्या शिवेजवळ हें वसलें आहे. वऱ्हाडी, लेवा गणबोली, हिंदी, उर्दू, मारवाडी या सर्व बोली येथील बाजारांत एकमेकींना खेटून नांदतात. शब्दांची देवघेव येथें नवी नाहीं. येथील सुशिक्षित घरांतील मुलें पुण्यास, मुंबईस किंवा नागपुरास शिकावयास जातात आणि सुटींत परत येतात. मोठ्या शहराच्या गर्दींत उसना शब्द हरवून जातो. लहान गांवांत तो कोणी आणला, कोणासमोर वापरला आणि कोणासमोर गिळला, हें स्पष्ट दिसतें.

परका शब्द दिसला कीं तो हांकलावा, या मताचे आम्ही नाहीं. शिवकालीं रघुनाथपंत हणमंते यांनीं ‘राज्यव्यवहारकोश’ रचून दरबारी फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकांत सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ चालविली. माधव जूलियन यांनीं १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ प्रसिद्ध केला. या प्रयत्नांविषयीं आदर बाळगूनही असें म्हणावें लागतें, कीं शब्दाचें कूळ पाहून त्याला आंत घ्यावयाचें कीं नाहीं हें ठरविणें स्नेहसंबंधांच्या बाबतींत पुरें पडत नाहीं. ‘दोस्त’ व ‘यार’ हे फारसी, ‘सोबत’ अरबी. ‘लंगोटीयार’ या शब्दाचा तर निम्मा देह मराठी आणि निम्मा फारसी आहे. शेजारणीला ‘रात्रीं सोबतीला ये’ म्हणून सांगणाऱ्या वऱ्हाडी म्हातारीस आपण अरबी शब्द बोलत आहों याची वार्ताही नसते. कोणी तसें सांगितलेंच तर ती त्याला वेड्यांत काढील. जो शब्द तिच्या तोंडीं इतका रुळला, त्याला परका म्हणण्यांत अर्थ नाहीं.

मग कसोटी कोणती लावावी? ती दुरून आणण्याचें कारण नाहीं. याच प्रांतीं ती सातशें वर्षांपूर्वीं सांगून ठेवलेली आहे. मलकापुरानजीकच्या नरवेल गांवीं १९०८ सालीं जन्मलेले डॉ. वि. भि. कोलते यांनीं महानुभाव वाङ्मयाच्या संशोधनांत आपलें आयुष्य वेंचलें. १९७८ सालीं निघालेली त्यांची ‘लीळाचरित्रा’ची आवृत्ति अभ्यासकांस परिचित आहे, आणि मलकापुरांतील अभियांत्रिकी महाविद्यालयास आज त्यांचेंच नांव आहे. त्या पंथाच्या ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथांत एक प्रसंग आला आहे. केशिराजबास संस्कृतांत रचना करूं पाहत असतां नागदेवाचार्यांनीं त्यांस थांबविलें, आणि कारण असें दिलें, कीं त्यायोगें पंथांतील म्हाताऱ्या बाया नागवल्या जातील. संस्कृत भाषा हीन आहे असें आचार्य म्हणाले नाहींत. केशिराजबासांच्या विद्वत्तेस त्यांनीं नांवें ठेविलीं नाहींत. शब्द कोणत्या कुळांतला, हा प्रश्नच त्यांनीं केला नाहीं. तो उच्चारल्यानें घरांतलें कोणतें माणूस दाराबाहेर राहतें, एवढेंच त्यांनीं पाहिलें. आमच्या मतें स्नेहसंबंधांच्या उसन्या शब्दांस हीच कसोटी लावावयास पाहिजे. जो शब्द घरांतल्या म्हातारीस नागवतो तो टाकावा. जो नागवीत नाहीं तो कोठूनही आलेला असो, त्याला पाट मांडावा.

प्रथम नात्यांचे शब्द घेऊं. मराठींत नातें नुसतें ‘असत’ नाहीं, तें ‘लागतें’. दारांत अनोळखी मनुष्य दिसला कीं घरांतली वडील बाई विचारते, ‘हा तुझा कोण लागतो?’ आणि हेंच क्रियापद आपण ऋणालाही लावतों: ‘मी त्याचे शंभर रुपये देणें लागतों.’ या दोन प्रयोगांत आम्हांस एकच समजूत दिसते, कीं नातें हें एक देणें आहे. मामा लागणारा मनुष्य लग्नांत भाचीला बोहल्याकडे घेऊन येतो. आत्या लागणारी बाई बारशास बाळाच्या कानांत नांव सांगते आणि वर पाठीवर पोरांचे धपाटे खाते. भाऊ लागणाऱ्यास भाऊबीजेला ताटांत ओवाळणी टाकावी लागते. साडू, जाऊ, नणंद, व्याही, विहीण या प्रत्येक शब्दामागें मान, रुसवा, आहेर आणि जबाबदारी यांचा हिशेब ठरलेला आहे. वऱ्हाडांत ‘मोठी माय’ म्हणून जिला हांक मारतात, तिच्याकडून आईपणाचा वांटा अपेक्षिलेला असतो. नांवांतच ‘माय’ आहे. नवऱ्याच्या थोरल्या भावास ‘भासरा’ आणि धाकट्यास ‘दीर’ म्हणतात, तें दोघांशीं वागण्याची रीत निराळी म्हणून. ‘अंकल’ हा शब्द यांतलें कांहींच मागत नाहीं. तो आला काय, गेला काय, कोणाचें कांहीं देणें लागत नाहीं. आमच्या मतें त्याच्या लोकप्रियतेचें एक कारण हेंच आहे.

मौजेची गोष्ट अशी, कीं ज्यांचे शब्द आपण उसने घेतों त्यांच्यावरही एकदां हाच प्रसंग गुदरलेला आहे. इंग्रजी ‘अंकल’ फ्रेंचांतून आला आणि फ्रेंचांत तो लॅटिन ‘अवुन्कुलुस’ या शब्दापासून झाला. त्याचा अर्थ केवळ मामा. काकाला लॅटिनांत ‘पात्रुउस’ हा वेगळा शब्द होता. ‘आंट’ याचें मूळ ‘अमिता’, म्हणजे आत्या. ‘कझिन’ याचें मूळ ‘कोन्सोब्रिनुस’, म्हणजे मावसभाऊ. इंग्रजांच्या पूर्वजांच्या स्वतःच्या भाषेंत तर काका, मामा, आत्या आणि मावशी यांना चार स्वतंत्र शब्द होते. १०६६ सालीं नॉर्मनांनीं इंग्लंड जिंकलें, राज्यकर्त्यांची फ्रेंच प्रतिष्ठेची ठरली, आणि पुढील कांहीं शतकांत ते चारही शब्द मावळून त्यांच्या जागीं दोन उसने शब्द उरले. जेत्यांच्या भाषेनें इंग्रजांचा काका व मामा एक करून टाकला. तोच एक केलेला काका-मामा इंग्रजांनीं आपल्याला दिला, आणि ते निघून गेल्यावर पाऊणशें वर्षांनींही तो आपण डोक्यावर घेऊन मिरवीत आहों.

‘कझिन’ शब्दानें होणारी हानि याहून सूक्ष्म आहे. चुलत, मावस, आते आणि मामे हीं चार उपपदें नुसतें शब्दवैभव नव्हे. चुलतबहीण ही बहीणच. परंतु महाराष्ट्रांतील पुष्कळ जातींत मामाच्या मुलीशीं आतेभावाचा विवाह संमत होता, कित्येक ठिकाणीं तो हक्कच समजत. इरावती कर्वे यांनीं १९५३ सालीं भारतांतील आप्तसंबंधांच्या रचनेवर इंग्रजींत जो ग्रंथ लिहिला त्यांत निरनिराळ्या भाषांतील नात्यांचे शब्द गोळा करून त्यांतून कुटुंबाचे आणि विवाहाचे नियम वाचून दाखविले आहेत. आम्ही अशा विवाहांचा पुरस्कार करीत नाहीं. परंतु आजीनें सांगितलेली घराण्यांतील जुनी कथा, तिच्यांतील मामाच्या मुलीचा रुसवा, आत्याचा हट्ट आणि दोन घरांत पुढें आलेलें वितुष्ट, हें सारें ‘कझिन’ एवढेंच जाणणाऱ्या नातवाला कसें समजावें? त्याच्या दृष्टीनें सर्वच कझिन. मग भांडण कशाचें? येथें म्हातारी नागवली गेली. तिची गोष्ट ऐकणारा समोर आहे, पण त्याच्याजवळ ऐकण्याचे कान उरले नाहींत.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार बोंचते. सुशिक्षित घरांतून ‘काका’ आणि ‘मावशी’ हे शब्द अजिबात गेले आहेत असें नाहीं; ते खालीं उतरले आहेत. मुलांना शाळेंत नेणारा रिक्षावाला ‘काका’ असतो, भांडीं घासावयास येणारी बाई ‘मावशी’ असते, दारावर भाजी आणणारा ‘मामा’ असतो. परंतु मोटारींतून उतरलेला वडिलांचा स्नेही ‘अंकल’ आणि डॉक्टरांची पत्नी ‘आंटी’. पूर्वीं आईच्या सख्ख्या बहिणीला जो शब्द होता तो आतां पगारी कामाची खूण होऊं लागला आहे, आणि ज्यांच्याशीं बरोबरी राखावयाची त्यांच्यासाठीं इंग्रजी शब्द राखून ठेवला आहे. कामास येणाऱ्या बाईला मावशी म्हणावें हें चांगलेंच. गड्याचें नांव ओरडण्यापेक्षां तें शतपट बरें. पण तोच शब्द पाहुणीस लावतांना जीभ अडखळत असेल, तर कामवाल्या बाईला तो आपण मानानें देत होतों कीं स्वस्त झाला म्हणून देत होतों, हें प्रत्येक घरानें आपल्या मनाशीं तपासावें.

इतकें झालें तरी एका ठिकाणीं हे जुने शब्द अद्याप ताठ उभे आहेत, तें म्हणजे लग्नपत्रिका. रोजच्या बोलण्यांत ‘कझिन’ आणि ‘इन-लॉज’ करणारें घर पत्रिका छापतांना मात्र ज्येष्ठ कन्या, कनिष्ठ चिरंजीव, आप्तेष्ट, व्यवस्थापक, विनीत असें सगळें पंगतींत बसवितें, आणि खालीं पोरासोरांच्या नांवानें मामाच्या किंवा मावशीच्या लग्नाला येण्याचा आग्रह छापतें. एखाद्या साडूचें नांव राहिलें तर केवढा गहजब होतो हें कोणास सांगावयास नको. यावरून सिद्ध होतें तें एवढेंच, कीं शब्द आपण विसरलों नाहीं. देणें पदरांत घ्यावयाचें असतें तेव्हां ते बरोबर आठवतात. तें चुकवावयाचें असतें तेव्हां इंग्रजी सोयीचें पडतें.

आतां मैत्रीकडे वळूं. इंग्रजी शिकविणाऱ्या वर्गांतून हल्लीं विद्यार्थ्यांकडून मैत्रीविषयींच्या वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करवून घेतात. त्यांत दोघांचें झटपट सख्य जमलें हें सांगावयास पेटलेल्या घराची उपमा असते. जेथें कापसाच्या गंजीला ठिणगी लागण्याचीच मोठी धास्ती, तेथल्या मुलानें ही उपमा परीक्षेंत लिहावी यांत आम्हांस गैर वाटत नाहीं. परभाषा शिकणें म्हणजे परक्यांच्या समजुती शिकणेंच होय. खटकतें तें हें, कीं त्याच मुलाला ‘मेतकूट जमणें’, ‘सूत जुळणें’, ‘विळ्याभोपळ्याएवढें सख्य’ हे प्रयोग कोणी कधीं उलगडून दाखवीत नाहीं. ‘छत्तीसाचा आकडा’ समजावयास ३६ ही संख्या देवनागरींत लिहून पाहावी लागते, म्हणजे ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतात. इंग्रजी अंकांत तें भांडण दिसत नाहीं. जो मुलगा इंग्रजी अंकच लिहितो त्याच्यासाठीं हा वाक्प्रचार केवळ एक निरर्थक हिशेब होऊन बसतो.

स्नेहाच्या बाबतींत मराठीची खरी संपत्ति नामांपेक्षां क्रियापदांत आहे. दोघांचें जमतें, जुळतें, पटतें. पुढें कांहीं बिनसतें, फिसकटतें, फाटतें. मग अबोला धरला जातो, कोणी मध्यें पडतो आणि पुन्हां सांधतें. ‘ते रिलेशनशिपमध्यें आहेत’ या वाक्यांत माणसें एखाद्या खोलींत बसल्यासारखीं स्थिर वाटतात. ‘त्यांचें जुळलें आहे’ या वाक्यांत कांहींतरी घडलेलें असतें, आणि आणखी घडण्यास जागा असते. पायऱ्याही आपल्याकडे थोड्या नाहींत. ओळख, परिचय, घसट, स्नेह, सख्य, जिव्हाळा यांची रास एकच नव्हे. आणि ‘घरोबा’ हा शब्द तर दोन माणसांचा नसून दोन घरांचा असतो. ‘बेस्ट फ्रेंड’ या शब्दांत मित्रांची परीक्षा घेऊन पहिला क्रमांक लावल्याचा भास होतो, आणि पहिला म्हटला कीं दुसरा-तिसरा आलाच. ‘जिवलग’ या शब्दाला क्रमांक लागत नाहीं. या भागांत भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर भुलाबाई मांडतात, टिपऱ्यांवर गाणीं म्हणतात आणि झांकलेला खाऊ ओळखतात. त्या फेऱ्यांत कोणी पहिली नसते. जिचा खाऊ कोणालाच ओळखतां आला नाहीं तिची तेवढ्यापुरती ऐट असते, इतकेंच. सासर-माहेरचीं गाणीं एकत्र म्हणत वाढलेल्या या मुली पुढें चहूंकडे पांगतात, आणि तरी आयुष्यभर एकमेकींच्या ‘मैत्रिणी’ राहतात. या शब्दाला अधिक उंच विशेषणाची गरज त्यांना कधीं भासली नाहीं.

तथापि येथें सगळा दोष बोलणाऱ्यांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. आम्ही लिहिणाऱ्यांनीं ‘मित्रवर्य’, ‘स्नेहांकित’, ‘सुहृद’ हे शब्द पत्रांच्या मायन्यांत आणि सत्काराच्या भाषणांत इतके झिजविले, कीं सोळा वर्षांचा मुलगा ते उच्चारील तर त्याचे सोबती हंसूं लागतील. जिवंत माणसाला बोलतां येईल असा स्नेहाचा शब्द पुस्तकांनीं राखला नाहीं, म्हणून तरुणांनीं तो दुसरीकडून आणला. ‘फ्रेंड’ हा शब्द म्हातारीस समजतो, आणि तो ऐकून ती पाट मांडते. त्याच्याशीं आमचें भांडण नाहीं.

आतां सर्वांत नाजूक भाग उरला, तो स्त्रीपुरुषांमधील स्नेहाचा. येथें उसन्या शब्दांनीं समाजाची सेवाही केली आहे, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. पूर्वींच्या मध्यमवर्गीय घरांत पत्नीनें पतीचें नांव घेणें निषिद्ध होतें. ‘हे’, ‘इकडे’, ‘आमच्या घरचे’ असे आडपडदे लावावे लागत, आणि नांव घ्यावयाचें तर उखाण्यांत. पुढें ‘आमचे मिस्टर’ हा प्रयोग निघाला आणि पुष्कळ बायकांची सोय झाली. तो इंग्रजी खरा, पण काम त्यानें उखाण्याचेंच केलें. तशीच गोष्ट मुलामुलींच्या स्नेहाची. एकाच वर्गांत शिकणाऱ्या मुलामुलींस बोलावयाचें तर आपल्या समाजानें त्यांना एकच राजमार्ग ठेवला होता: त्यानें तिचा मानलेला भाऊ व्हावें. भाऊ न होतां एखाद्या मुलीशीं सरळपणें बोलतां येतें, ही मोकळीक ‘फ्रेंड’ या शब्दानें दिली. मलकापुरासारख्या गांवीं शिकणाऱ्या मुलीला हा शब्द केवळ फॅशन म्हणून लागला नाहीं. तिला वर्गांत व वाचनालयांत मान वर करून वावरावयास तो उपयोगी पडला.

प्रेमाच्या बाबतींत तर आमच्या भाषेचें दारिद्र्य लज्जास्पद आहे. काव्यांत प्रीति, अनुराग, प्रणय हे शब्द उदंड आहेत. परंतु ओसरीवर बसलेलीं वडील माणसें अविवाहित तरुणतरुणींच्या प्रेमाविषयीं बोलूं लागलीं कीं कोणते शब्द बाहेर पडतात? ‘प्रकरण’, ‘भानगड’, ‘लफडें’, ‘संबंध’. हे सगळे शब्द फौजदारी कज्जाच्या कागदांत शोभणारे आहेत. ज्या मुलीच्या मनांत पहिल्यानेंच कोणाविषयीं ओढ उत्पन्न झाली तिनें ती सांगावयाची कशी? ‘माझें एक प्रकरण आहे’ असें? तिनें ‘रिलेशनशिप’ हा शब्द उचलला तो भाषाद्रोह म्हणून नव्हे. स्वतःच्या मनाला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करावयाचें नव्हतें म्हणून. कायद्यालाही या संबंधांची दखल घ्यावी लागली. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें विवाहासारख्या स्वरूपाच्या संबंधांत राहणाऱ्या स्त्रीसही संरक्षण दिलें. कायदा ज्या नात्याला निदान नांव देऊं शकला, त्याला घरांतली मराठी अजून भानगड म्हणते.

मराठी लेखकांनीं या अडचणीशीं कधीं झुंजच घेतली नाहीं असें नव्हे. विजय तेंडुलकरांचें ‘मित्राची गोष्ट’ हें नाटक १९८१ सालीं रंगभूमीवर आलें. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या एका स्त्रीची ती कथा. नायिकेचें नांव सुमित्रा, तिला ‘मित्रा’ म्हणत. त्यामुळें शीर्षकांत मित्रेची गोष्ट आणि मित्राची गोष्ट असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ज्या प्रेमाला त्या काळच्या मराठी घरांत उच्चारावयास शब्द नव्हता, त्याच्यासाठीं नाटककारानें बाहेरून शब्द आणला नाहीं; घरांतला सर्वांत साधा, कोणालाही न दुखविणारा शब्द काढून तो त्याच्यासमोर ठेवला. भाषेची वाढ अशा मार्गानेंही होते, याचें हें चांगलें उदाहरण आहे. खेद एवढाच, कीं अशीं उदाहरणें मोजकीं आहेत.

आणि आतां ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्या शब्दाकडे येतों. तो ‘ब्रेकअप’. विवाह मोडण्याला मराठींत काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी असे शब्द आहेत. परंतु ज्या बंधनाला समाजानें बंधन म्हणून मान्यताच दिली नाहीं, त्याच्या तुटण्याला तो शब्द कसा देणार? ‘प्रेमभंग’ हा कादंबरींतला शब्द. तो दिवाणखान्यांत कोणी उच्चारीत नाहीं. म्हणून ‘ब्रेकअप’ आला आणि राहिला. त्यानें रिकामी जागा भरली यांत संशय नाहीं. पण त्याला नागदेवाचार्यांची कसोटी लावून पाहा. दूरगांवीं शिकणाऱ्या मुलाचा आवाज दूरध्वनीवर जड येतो. आई विचारते, काय झालें? तो सांगतो, ब्रेकअप झालें. पुढें दोघेंही गप्प बसतात. आईला शब्दाचा अर्थ चित्रपटांवरून ठाऊक नसतो असें नाहीं. पण त्या शब्दाला उत्तर काय द्यावयाचें हें तिच्या भाषेंत ठरलेलें नाहीं. तोच मुलगा ‘आमचें जुळलें होतें, आतां बिनसलें’ एवढें म्हणता, तर तिच्यापाशीं विचारावयास दहा गोष्टी होत्या: कशावरून बिनसलें, कोणी तोडलें, सांधण्यासारखें आहे कां, जेवलास कां. ज्या क्षणीं मुलाला आईची सर्वांत अधिक गरज त्याच क्षणीं हा शब्द तिला दाराबाहेर उभें करतो. आचार्यांनीं ‘नागवणें’ म्हटलें तें हेंच.

कोणी म्हणेल, मुलें हा शब्द याचसाठीं वापरतात. आईला कळूं नये हाच त्यांचा हेतु असतो. हें खरें आहे, आणि येथेंच दोषाची वांटणी नीट करावी लागते. आईला कळलें तर ती ‘प्रकरण’ म्हणेल, ‘लोक काय म्हणतील’ म्हणेल, या भीतीनें मूल इंग्रजीच्या आड लपतें. मराठींत मार बसतो हें ठाऊक असलेल्या मुलाला मराठींत बोल असें सांगण्यांत काय अर्थ? तेव्हां शुद्धीची सुरुवात करावयाची ती मुलाच्या तोंडापासून नव्हे, वडिलांच्या ओसरीपासून करावयास पाहिजे. आमच्या वाचकांत बहुतेक घरें सुशिक्षित आहेत. त्यांनीं आपल्या बोलण्यांतून ‘भानगड’ आणि ‘लफडें’ हे दोन शब्द माणसांच्या प्रेमापुरते तरी काढून टाकावे. जुन्या शब्दसंपत्तीचा अभिमान धरतांना तिच्यांत विधवेच्या नांवामागें ‘गं. भा.’ लावून तिचें दुःख दर पत्रिकेवर छापणारी रीतही होती, हें विसरूं नये. जुनें म्हणून सगळेंच राखण्याजोगें नसतें.

राखावयाचें काय, याचें उत्तर आमच्या मतें सोपें आहे. काका, मामा, आत्या, मावशी, मोठी माय हे शब्द राखावे आणि ते पाहुण्यालाही तितक्याच सहजतेनें लावावे, म्हणजे कामास येणाऱ्या बाईला दिलेल्या त्याच शब्दाची किंमत आपोआप वाढेल. चुलत, मावस, आते, मामे हीं उपपदें मुलांना घराण्याच्या गोष्टींबरोबर शिकवावीं. कोष्टक म्हणून शिकविलीं तर तीं टिकणार नाहींत. ‘फ्रेंड’ला जागा द्यावी. ‘ब्रेकअप’लाही, त्याहून बरा शब्द लोकांच्या तोंडांत रुळेपर्यंत, हांकलूं नये, परंतु त्याच्या पाठोपाठ ‘बिनसलें’, ‘जुळलें नाहीं’, ‘मन मोडलें’ अशी मराठी वाक्यें यावीं, आणि तीं आल्यावर घरानें रागावूं नये. कादंबरीकार आणि नाटककार यांच्याकडे आमचें मागणें एवढेंच आहे, कीं त्यांनीं आपल्या पात्रांना आईशीं बोलावयास लावावें, आणि तें बोलणें दोघांनाही समजेल अशा शब्दांत लिहावें. पुण्याहून निघालेला मुलगा मलकापूरच्या फलाटावर उतरतो तेव्हां त्याच्या सामानांत इंग्रजी शब्द किती आहेत, हें मोजीत बसण्याचें कारण नाहीं. घरीं पोहोंचल्यावर मन मोकळें करावयास एखादें मराठी क्रियापद त्याच्यापाशीं उरलें आहे कीं नाहीं, आणि तें ऐकावयास घर तयार आहे कीं नाहीं, इतकेंच पाहावें.